उजव्या बाजूचं काज

४ मार्च

ताई,

आईला बाबांचाच आजार झाला आहे. काल दुपारी स्मृतिविकारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तसं लेखी दिलं. शब्दांची परीक्षा, मेंदूची चित्रं आणि पाठीतून काढलेलं पाणी, तिन्ही एकच सांगतात म्हणाल्या. कागदाची प्रत सोबत जोडली आहे, म्हणजे मी पदरचं काही घालतोय असं तुला म्हणता येणार नाही.

दीड वर्षाने लिहितोय. फोन करणार होतो, पण फोनवर आपण दोघं तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान तुला मध्येच तोडता येत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना आईने विचारलं, "पास झाले का रे?"

म्हटलं, "आई, ही परीक्षा पास-नापासाची नसते."

"म्हणजे नापास. पास झालेल्याला कुणी एवढं समजावत बसत नाही."

आणि मग समोरच्या दुकानात जाऊन तिने दोन रिळं पांढरा दोरा घेतला. दुकानदाराशी भाव करताना तिला कुणी ऐकलं असतं, तर आजारी मीच आहे असं वाटलं असतं.

मागचं उगाळायचं नाही असं ठरवून बसलोय, पण थोडं उगाळावंच लागेल. दीड वर्षापूर्वी मी तुला सांगितलं होतं की आईने मुख्याध्यापकांच्या कोटाला काज उजव्या बाजूला केली. पुरुषाच्या कोटाला काज डाव्या बाजूला, बाईच्या कोटाला उजव्या. हे तू आणि मी शाळेत जायच्या आधी शिकलो. चाळीस वर्षं ती आपल्या दुकानात काज-बटणाला बसली आहे. झोपेतही चुकली नसती. तू म्हणालीस, "तिच्या चष्म्याचा नंबर बघ." मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी शब्दांची परीक्षा घेतली. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, वीस मिनिटांनी विचारायचे. आठ आले तर ठीक. आईला नऊ आले. तू फोनवर काय म्हणालीस ते मला पाठ आहे: "नऊ! बाबांना तीन आले होते. तुला ती दुकानातून हलायला हवी आहे आणि तिच्या जागी काजाचं मशीन बसवायचं आहे, एवढंच खरं." त्यानंतर आपण बोललो नाही.

काल डॉक्टरबाईंनी तो जुना कागद मागून घेतला. म्हणाल्या, हे नऊ तेव्हाच कमी होते. ती आठची रेघ पुरुष आणि बायका एकत्र धरून मारलेली. शब्दांच्या बाबतीत बायका मुळातच पुढे असतात, म्हणून त्यांची रेघ वेगळी, आणि वर हवी. त्या स्वतःच्या दवाखान्यात दहा धरतात. आईसारख्या बोलक्या बाईच्या डोक्यात हा आजार बरंच काम उरकून घेतो आणि बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. यावेळी तिला सहा आले.

पुढचं त्यांनी जसं सांगितलं तसं लिहितो. ज्यांनी इतके दिवस शब्दांवर निभावून नेलं, त्यांचा उतार नंतर भरभर असू शकतो. किती भरभर, ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही. "पण मुलगी लांब असते म्हणालात ना? आई बोलत्या आहेत तोवर बोलावून घ्या," असं म्हणाल्या.

तर बोलावतोय. ये.

टाचणी

(अजून मला कोण या नावाने हाक मारतं? एकटी आई. बाकी सगळ्यांचा मी "मास्तर" झालोय.)


१६ मार्च

ताई,

तुझं कार्ड पोचलं. दोन आठवड्यांनी एक ओळ! "पहिल्या वेळी डॉक्टरांनी तुला काय विचारलं होतं?" बाकी कोरं. ना येते, ना येत नाही. तुमच्या प्रयोगशाळेत शाई मोजून देतात का?

डॉक्टरांनी नेहमीचंच विचारलं. झोप, भूक, औषधं. आता नीट आठवत नाही.

आईचं सांगतो. सकाळी नवाला माझ्याबरोबर दुकानात येते. खिडकीखालच्या तिच्या खुर्चीत बसते, पायाखाली तोच लाकडी ठोकळा. पूर्वी दिवसाला वीस-बावीस काज करायची, आता पाच-सहा. पण ताई, काज तशीच. टाका टाक्याला चिकटून, दोन्ही टोकं गोल, आतून-बाहेरून सारखी. हात काही विसरलेला नाही. कोणती बाजू, एवढंच विसरतो. आणि नेमकं तेच विसरून चालत नाही, कारण चुकलेली शिवण उसवता येते, काज एकदा कापलं की कापलं.

रस्ताही ती चुकत नाही. आठवतं, बाबा कसे दुकानापासून घरापर्यंतच्या सरळ सात मिनिटांच्या रस्त्यावर हरवले होते? पोस्टासमोर उभे राहून पोस्ट कुठे आहे ते विचारत होते. त्यांचं सगळं उघड्यावर होतं. शब्द गेले, वाट गेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही कळलं. आईचं तसं नाही. आई मागच्या खोलीतून पडदा लावून चालली आहे.

आता एक गोष्ट लिहितो, ती वाचून चिडू नकोस. रविवारी दहाला तू फोन करतेस. ती तुला नातीच्या पोहण्याचं विचारते, जावयाच्या गुडघ्याचं विचारते, आणि तू तिच्याबद्दल काही विचारलंस की म्हणते, "माझं काय गं नवीन असणार, तू सांग." फोनच्या वर भिंतीवर एक चिठ्ठी टाचलेली आहे, तिच्या अक्षरात. "नात आठवीत. पोहते. जावई, गुडघा (डावा). बढती झाली का विचारणे." सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित: "जास्त वेळ बोलू नये."

मी ती चिठ्ठी पहिल्यांदा पाहिली त्याला वर्ष झालं. हल्ली अक्षर माझं असतं. ती सांगते, मी लिहितो. "लेक हुशार आहे," म्हणते, "तिला काही कळता कामा नये."

डावा गुडघा बरा आहे ना? चिठ्ठी बदलायची असेल तर कळव.

टाचणी


२९ मार्च

ताई,

दुसरं कार्ड. तोच प्रश्न. खाली "उत्तर दे" एवढंच जास्त.

बरं. देतो.

डॉक्टरांनी शब्दांची परीक्षा घेतली तेव्हा मी तिच्या शेजारच्या खुर्चीत होतो. ते शब्द तिने कसे लक्षात ठेवले माहीत आहे? एकात एक ओवून. "लिंबू शिडीवरून पडलं, दरवाज्याची घंटा वाजली, आणि पाहुणा छत्री विसरला." डॉक्टर हसले, मीही हसलो. नऊ आले. मग डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "घरच्या किंवा दुकानातल्या कामात काही फरक जाणवतो का? चुका वगैरे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, विनवणीनेही नाही. ट्रायलला आलेलं गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतं तसं. बरं दिसतंय ना, म्हणून.

मी म्हणालो, "नाही. काही फरक नाही."

तोपर्यंत मुख्याध्यापकांचा कोट धरून तीन कोट झाले होते. तिन्हींचा पुढचा भाग मी नवा बेतला, ती यायच्या आधी, सकाळी सात वाजता दुकान उघडून. तिला कळू दिलं नाही. तुला एकच सांगितला होता, तीन नाही. का, ते मला विचारू नकोस. एक म्हणजे चूक, तीन म्हणजे आजार, आणि मला तू म्हणायला हवं होतंस की आजार आहे. मला नव्हतं म्हणायचं. तू शिकलेली, तुझ्या हाताखाली याच आजाराचे शंभर उंदीर, तू म्हणालीस तर ते खरं. आणि तू "चष्मा" म्हणालीस तेव्हा मला राग आला, पण त्या रागाखाली हायसंही वाटलं. ते मी दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही.

म्हणजे तू आकड्यावर विसंबलीस, आणि त्या आकड्याला टेकू माझा होता. मी "हो, चुकतेय" म्हणालो असतो, तर त्या डॉक्टरांनीही पुढे पाठवलं असतं.

मशीनचंही सांगून टाकतो. आणलं होतं. माळ्यावर आहे, खोक्यातच. तू फोन आपटलास त्याच्या दुसऱ्या दिवशी चढवलं, तेव्हापासून खाली काढलं नाही.

आता बोल काय बोलायचं ते. पण इथे येऊन बोल.

टाचणी


१२ एप्रिल

ताई,

नऊ पानं! पोस्टमनने पाकीट हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "मास्तर, खटला चाललाय का कुठे?" त्याला म्हटलं, "संपला बहुतेक."

चारदा वाचलं. तिसऱ्या वेळी मोठ्याने, आईसमोर. तू लिहिलं नव्हतंस वाचून दाखव म्हणून, पण दाखवू नकोस असंही लिहिलं नव्हतंस. तिच्या आजाराचं तिच्यापासून लपवायचं नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय, आणि तिलाही आता लपवून ठेवण्याचा कंटाळा आलाय.

ती सुई चालवत ऐकत होती. तुमच्याकडे वर्षानुवर्षं प्रयोगाला फक्त नर उंदीर घ्यायचे, कारण मादीचं शरीर चार-पाच दिवसांच्या चक्राने बदलतं आणि आकडे हलतात, हा भाग आला तेव्हा सुई थांबली.

"मग माद्या काय करायच्या इतकी वर्षं? नुसत्या बसून खायच्या?"

"त्यांना घेतच नव्हते गं."

"अंगावर घातल्याशिवाय कपड्याचं कळतं का? नराच्या अंगाला बसलं की मादीलाही बसलं म्हणायचं?" आणि वर, "पोरगी एवढी शिकली, आणि एवढं तर आपल्या दुकानात कळतं."

मी म्हटलं, "तिने लिहिलंय तेच. तिचं तिलाच हसू आलं म्हणते."

"हसू दे. रडण्यापेक्षा बरं."

दोन वर्षांपूर्वी तुम्ही हौसेने घेतलेल्या माद्यांच्या वह्या तू "आकडे जुळत नाहीत" म्हणून कपाटात ठेवून दिल्या होत्यास, आणि माझं पहिलं पत्र आलं त्या दुपारी त्या बाहेर काढल्यास, हे मला सगळ्यात आवडलं. मला कळलं ते असं: मेंदूच्या पेशींना खाऊपिऊ घालणाऱ्या, केरकचरा काढणाऱ्या ज्या दुसऱ्या पेशी असतात, त्या तुमच्या खोलीतल्या नरांमध्ये एका रीतीने बिघडतात आणि माद्यांमध्ये दुसऱ्या. बिघाड आत सुरू झाला तरी हौदात सोडलं की माद्या पाण्यातून बाहेर पडायची वाट बरेच दिवस शोधून काढत होत्या, आणि मग एकदम थांबल्या. तू लिहिलंयस, "आकडे जुळत नव्हते, कारण मी ते नरांच्या आकड्यांशी जुळवत होते." आणि पुढे तूच खोडून पुन्हा लिहिलंयस की हे उंदरांचं आहे, आमच्या एका खोलीतल्या उंदरांचं आहे, यावरून आईबद्दल काही ठरवू नकोस. नाही ठरवत. पण बाबांचा कोट आपण दोघांनी आईच्या अंगावर चढवला, खांदे बसले, आणि "झकास" म्हणून मोकळे झालो, एवढं तर ठरवू का?

माझ्या चुकीबद्दल तू फक्त दीड ओळ लिहिलीस. "मी असते तरी तिच्या तोंडावर हो म्हटलं नसतं. गाढवा, तीन कोट एकट्याने कशाला बेतलेस?" ही दीड ओळ आईला वाचून दाखवली नाही. तीन कोटांचं तिला ठाऊक नाही.

म्हणजे तसं मला वाटत होतं. पत्र घडी करून ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "मुख्याध्यापकांच्या कोटाला तू पुढून नवं कापड घातलंस ना तेव्हा? रेघा जुळल्या नव्हत्या खिशापाशी. मी बोलले नाही. म्हटलं, पोरगा एवढ्या सकाळी उठतोय तर उठू दे."

तर असं आहे. या घरात लपवाछपवीत सगळेच कच्चे आहोत, आणि तरी दीड वर्ष कुणी पकडलं गेलं नाही.

आता बाजूचा बंदोबस्त केलाय. काज करायला कोट तिच्याकडे जायच्या आधी मी योग्य बाजूला हिरव्या दोऱ्याचा एक कच्चा टाका घालतो. आधी खडूची खूण करत होतो तर भडकली, "खडू शिकाऊ पोरांना लागतो." हिरव्या टाक्याचं मात्र तिने स्वतः ठरवलं. हिरवा दिसला की काज, नसला तर बटण. काम झाल्यावर तो टाका ती दातांनी तोडते आणि एका डबीत टाकते. डबी भरत आलीये. गेल्या पंधरवड्यात एकही चूक नाही. गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय की कोटाला आता दोन आठवडे जास्त लागतील. एक जण पुटपुटला. आई त्याला म्हणाली, "घाई असेल तर चेन लावून देऊ का?" तो थांबायला तयार झाला.

तू विचारलंयस ती खूश आहे का. खरं सांगू? पूर्वीपेक्षा जास्त. फोनची चिठ्ठी काढून टाकली परवा. म्हणाली, "आता लेकीला कळलंय ना, मग कशाला पाठांतर?" म्हणून रविवारी तिने तुला नात कितवीत आहे ते तीनदा विचारलं. तू तीनदा सांगितलंस. मी स्वयंपाकघरातून ऐकत होतो. तिसऱ्या वेळीही तू पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगितलंस. बरं वाटलं.

कधी येतेस ते मात्र नऊ पानांत कुठेच नाही.

टाचणी


२ मे

ताई,

तार केल्यासारखा निरोप ठेवलास फोनवर, "शनिवारी, तीन वीसची गाडी, तीन आठवडे राहते." बायकोने तो कॅलेंडरवर लाल पेनने लिहिला. आई येता-जाता तिथे थांबते, वाचते, आणि दर वेळी तिला नव्याने आनंद होतो. दिवसाला आठ-दहा वेळा तू येणार असल्याची बातमी कळते तिला. आपल्यापैकी कुणाला एवढं सुख मिळालंय?

डॉक्टरबाई परवा भेटल्या. उतार आहे, पण घसरण नाही म्हणाल्या. पुढची तपासणी तू इथे असतानाच ठेवली आहे, म्हणजे त्यांच्याशी त्यांच्या भाषेत तू बोल. तुझ्या माद्यांच्या वह्यांचं त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "त्या बाईंना माझ्याकडे पाठवाच." माझी या महिन्यात वाढलेली ही एकच पत.

आता तयारीने यावंस म्हणून काही गोष्टी. पहिला तासभर तुला काही वेगळं वाटणार नाही. ती बोलेल, टोमणे मारेल, तुझ्या केसांना नावं ठेवेल. तू मला स्वयंपाकघरात गाठून म्हणशील, "अरे, ही तर ठीक आहे!" म्हणू नकोस. मीच सांगून ठेवतोय. संध्याकाळच्या चहाला ती तुला विचारेल, गाडी किती वाजता येणार. म्हणजे तुझीच. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, तिच्याकडे बघ, आणि सांग, आले मी.

आणि कोट. ती तुझ्यासाठी कोट शिवतेय. बाबांच्या कपाटात राखाडी कापडाचा एक तुकडा होता, त्यातून मी बेतला. तुझं माप माझ्याकडे नव्हतं. तिने मान वर न करता सांगितलं, खांदा साडेचौदा, बाही साडेबावीस, कंबर सव्वीस. तू नोकरीवर निघालीस त्या वर्षीचं माप. मी शिवणीत दोन्हीकडून भरपूर कापड सोडलंय. कंबर सव्वीस राहिली असेल तर माझ्याकडून माफी आणि अभिनंदन दोन्ही.

कोट तयार आहे, काज सोडून. यावेळी हिरवा टाका घालू का, म्हणून विचारलं, तर नाही म्हणाली. "लेकीच्या कोटाला खूण लागते का?" मग म्हटलं, "कोणत्या बाजूला करणार?" ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि फोनवर तुला द्यायची तसलंच उत्तर मला दिलं: "ज्याचा कोट त्याला विचारायचं. येऊ दे तिला."

म्हणजे शनिवारी असं होईल. मी दुकान दोनला बंद करीन. आई एकपासूनच चपला घालून दारात बसलेली असेल. गाडी बहुधा उशिरा येईल. आपण तिघं आधी दुकानात येऊ, कारण घरी जाऊ म्हटलं तरी ती ऐकणार नाही. मोठ्या आरशासमोर ती तुला उभी करील, कोट चढवील, पाठीवरून हात फिरवील, कंबरेपाशी थांबेल आणि काहीतरी लागेल असं बोलेल. मग कात्री घेईल आणि तुला विचारेल, "काज कोणत्या बाजूला गं?"

घाईने उत्तर देऊ नकोस. तिला वेळ दे. मला वाटतं हाताला आठवेल. नाहीच आठवलं, तर हळूच उजवा हात वर घे, केस सारखे केल्यासारखा.

आणि तरीही तिने डाव्या बाजूला कापलं, तर कापू दे. मी पुढचा भाग नव्याने बेतणार नाही. तू तो तसाच घालशील, आणि डावीकडून उजवीकडे बटणं लावायला दोन दिवसांत शिकशील. बाबा जन्मभर लावत होतेच की.

टाचणी